प्रत्येक नावाच्या जागी

गावाच्या वेबसाइटवर कुणाच्याही निधनाची बातमी आली की फोन आपल्या मुलाचंच नाव वाचतो, असं काकूंनी मला सांगितलं, तेव्हा मला वाटलं त्यांना भास होतोय.

काकू म्हणजे माझ्या कॉलेजातल्या मित्राची आई. नांदूरघाटजवळच्या एका गावात राहतात. अंगणवाडीत सेविका होत्या, काचबिंदूनं डोळे गेले तशी नोकरी सुटली. त्यांचा मुलगा आणि मी बीडला एकाच वर्गात होतो, वेबसाइट बनवायला बरोबरच शिकलो. मी अजून तेच करते, वडवणीत घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीसाठी. त्यानं नोकरी सांभाळून आपल्या गावाची साइट बनवली होती. एसटीच्या वेळा, टँकर कुठल्या गल्लीत कधी येणार, जत्रेचे कार्यक्रम, असं सगळं तिच्यावर असायचं. स्क्रीनवर बोट फिरवलं की तिथलं वाचून दाखवणारा फोनचा आवाज, तोही आईला त्यानंच लावून दिला होता.

केजच्या रस्त्यावर मोटारसायकलला अपघात होऊन तो गेला. मग त्याच्या मित्रांनी त्याच साइटवर श्रद्धांजलीचं पान जोडलं. पहिला फोटो त्याचा. पुढं गावातलं, नात्यातलं कुणी गेलं की त्याच्या खाली भर पडत गेली.

मी काकूंकडे गेले ती दुपारची वेळ होती. काका, म्हणजे त्याचे वडील, ओसरीवर बाजेवर बसले होते. काकूंनी चहा टाकायला सुद्धा वेळ घेतला नाही.

"ऐक," म्हणाल्या आणि पान उघडून बोट ठेवलं.

आवाजानं त्याचं नाव घेतलं. बोट खाली सरकलं. फोटोत एक म्हातारे गृहस्थ होते, खाली त्यांचंच नाव होतं, मला ते नीट दिसत होतं. आवाजानं पुन्हा मित्राचं नाव घेतलं. पुढच्या फोटोत एक बाई होत्या. तेच नाव. त्या सपाट, कुणाचाही नसलेल्या आवाजात ते नाव येत राहिलं.

"ह्यांना दाखवलं तर म्हनले, नावं बरोबर हायेत, तुझ्या मनाचे खेळ हायेत," काकू म्हणाल्या. "मग एक डाव ऐकवलं. तवापासून माझ्या फोनला हात लावत न्हाईत."

ओसरीवर काकांनी बाजेवर कूस बदलली.

मी लॅपटॉप उघडला. साइट चालवणाऱ्या त्याच्या मित्राला फोन करून आत शिरायची परवानगी घेतली. फ्रेमवर्कनं, म्हणजे साच्यातून पानं छापणाऱ्या तयार सॉफ्टवेअरनं, बनवलेलं पान मी आधी व्हॅलिडेटरमधून काढते. पानाच्या मार्कअपमध्ये, म्हणजे ज्या खुणांवरून ब्राउझरला कुठला मजकूर काय आहे ते कळतं त्यात, काय चुकलंय ते व्हॅलिडेटर दाखवतो. त्यानं एकच तक्रार पुन्हा पुन्हा केली: एकच आयडी, म्हणजे ओळखीची खूण, अनेक ठिकाणी. कारण लगेच कळलं. काकूंच्या मुलानं पूर्वी जत्रेच्या कार्यक्रमासाठी एक साचा लिहिला होता. त्यातल्या नावाच्या ओळीला 'naav' असा आयडी होता, आणि फोटो-नावाच्या सगळ्या चौकटीला सांगितलं होतं की तुझं नाव 'naav' मधून वाच. कार्यक्रम एकच होता तोवर ठीक होतं. तो गेल्यावर पोरांनी तोच साचा श्रद्धांजलीला वापरला आणि फ्रेमवर्कनं तो माणसागणिक जसाच्या तसा छापला. आयडी पानात एकाचाच असावा लागतो. आवाज 'naav' शोधायचा आणि त्याला पहिला सापडेल तो घ्यायचा. पहिला तोच होता. डोळ्यांनी वाचणाऱ्याला यातलं काहीच दिसत नव्हतं.

मी काकूंना सोपं करून सांगितलं.

"म्हंजी तो न्हाई बोलत," त्या म्हणाल्या.

"नाही काकू."

"पन लिहिलंय त्यानंच."

"हो. लिहिलंय त्यानंच."

त्या फोनची कड अंगठ्यानं चोळू लागल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुला काहून बोलावलं सांगू का. पयल्या बारीला याचं नाव आलं तवा मला वाटलं, पुन्हा गेला. लई रडले. मग सवय झाली. आता असं झालंय माय, फोन लई दिवस गप ऱ्हायला की करमत न्हाई. कुनीतरी जावं, म्हंजी याचं नाव येईल, असं वाटतंय. मागं जाऊबाई आजारी पडली, मी तिच्या उशाशी बसलेली, पाय चेपीत होते. अन् मनात काय आलं ते तुला सांगवत न्हाई. ती उठली बरी होऊन. पन मला माझीच भीती वाटाय लागली. काढ तेवढं."

मी दर चौकटीला वेगळा आयडी मिळेल असं केलं. फोटोवर कुणाचा फोटो ते लिहिलं, नावांना मथळ्याच्या खुणा दिल्या. हे मी रोज करते. त्याच्या ओळी पुसायच्या आधी मात्र मी जुनं पान माझ्याकडं उतरवून ठेवलं. व्हॅलिडेटर गप झाला, तसा मी फोन काकूंच्या हातात दिला.

वर एकदा त्याचं नाव आलं. मग म्हाताऱ्याचं. मग बाईंचं. काकू प्रत्येक नावाला मान हलवत होत्या. एका नावावर बोट थांबलं. त्यांनी ते उचलून पुन्हा ठेवलं. तेच नाव आलं.

"ही कधी?"

ती त्यांच्या अंगणवाडीतली जोडीदारीण. दोघींनी कितीतरी वर्षं एका चुलीवर खिचडी शिजवली होती. पुढं ती लेकाकडं राहायला गेली होती.

"तुला आधीच लई झालतं," काका ओसरीवरून म्हणाले. "म्हनून सांगितलं न्हाई."

मी तारीख वाचून दाखवली. काकूंना तो दिवस आठवला. त्या दिवशी जाऊबाईंच्या घरी पुरणपोळी होती आणि तिथून येऊन त्यांनी पान ऐकलं होतं.

"त्या दिशी मी याचं नाव ऐकून दिसभर बरी होते," एवढंच बोलल्या आणि फोन पालथा ठेवला.

संध्याकाळी काका मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले. गाडी दिसली तेव्हा म्हणाले, "ते जुनं हाय का कुठं? पयलं?"

"आहे. माझ्याकडं ठेवलंय."

"मला ऐकायचं न्हाई. पन पुसू नको."

पुढच्या आठवड्यात काकू जोडीदारणीच्या लेकाच्या घरी जाऊन बसून आल्या. तिच्या सुनेनं जेवल्याशिवाय सोडलं नाही, असं त्यांनी फोनवर सांगितलं. आवाज थकलेला होता, पण त्या बऱ्याच बोलल्या, मुलाबद्दल नाही, त्या बाईबद्दल.

जुनं पान माझ्या लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये आहे. कामाच्या फायली चाळताना ते दिसतं. मी ते पुन्हा उघडलेलं नाही. पानांच्या तपासणीसाठी लॅपटॉपवर तसाच वाचणारा आवाज चालू केलेला असला, तर त्या फोल्डरच्या आसपासही मी माउस नेत नाही.