पांडूदादाच्या खोलीतलं मरण

माणूस मेला की पांडूदादा टाळी वाजवायचा. एकच, कोरडी. मग मागे उभ्या असलेल्या पोरांकडे वळून सुतकी आवाजात जाहीर करायचा, "किन्हवलीवाले गेले. मातीला कोनी थांबू नका. पुढचा बसा."

गेलेला मी असायचो. जवळजवळ रोज.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मुरबाडला भाताच्या गिरणीमागे पांडूदादाची खोली होती. आत दोन कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि कीबोर्डच्या फटीफटीत बसलेला कोंडा. कॉलेजसाठी किन्हवलीहून एसटीने यायचो, पण कॉलेजपेक्षा तिथेच जास्त असायचो. खोलीत गाड्यांचे, क्रिकेटचे गेम नव्हते. हातात बंदूक घेऊन एकट्यानं अनोळखी वाड्यात शिरायचं, एवढा एकच प्रकार. पैसे तासावर नव्हते, बसण्यावर होते. बसला की मरेपर्यंत खेळायचं, मेला की उठायचं. गेम मध्येच सेव्ह करणं म्हणजे त्याच्या लेखी चोरी. तेव्हाचे गेम इतके दुष्ट होते की कसलेला पोरगाही फार वेळ टिकत नसे. त्यामुळे खुर्ची सतत फिरायची आणि दादाचा धंदा पोरांच्या मरणावर छान चालायचा.

त्या धंद्यात माझा वाटा मोठा होता. एकदा मी फेकलेला हातबॉम्ब भिंतीवर आपटून माझ्याच पायाशी आला, आणि हे काय आलं म्हणून मी वाकून बघितलं. दादा म्हणाला, "वाकून नमस्कार केलास काय रे त्याला? थोरला होता तुझ्यापेक्षा?" खोली हसली. मीही हसलो, कारण न हसणाऱ्याला दुसरा टोला मिळायचा. शहापूरचा एक पोरगा हरल्यावर रडायला लागला, तर दादानं त्याची मान धरून मागे ओढली. "तिकडं रड. कीबोर्डात पानी जाईल."

स्वतः खेळायला बसला की मात्र हा माणूस वेगळा दिसे. तो सिद्धगडाच्या पायथ्याचा. लहानपणी भातशेतात माळ्यावर बसून त्यानं रानडुकरं राखली होती. दारापुढे तो थांबायचा, कान द्यायचा, आणि पलीकडचा राक्षस कंटाळून हलला की आत शिरायचा. भिंती चाचपून चोरदारं काढायचा, एकेक गोळी जपून वापरायचा. "घाई करतो तो मरतो. शहाना पन मरतो, पन जरा उशिरा," एवढंच त्याचं शिकवणं.

पाच-सहा वर्षं गेली, कॉलेज संपलं, पण माझी खोली सुटली नाही. मग गेम बिघडले. दादा कल्याणहून नवी सीडी आणायचा, एकटाच बसून बघायचा आणि शिव्या देत उठायचा. "पयलं दार शोधायला लागायचं. आता बान दाखवतो, इकडं जा. वर एक सैनिक पुढं पळतो, माझ्या मागं या म्हनून. मी काय नवरी हाय मांडवात न्यायला? दर दहा पावलांवर सिनेमा लावतात, तवर हात बांधून बसा. आनि दुश्मन बघ, रेशनच्या लायनीत उभे असल्यासारखे एकामागं एक येतात. डुक्कर पन वाट बदलतो रे!" त्याचा सगळ्यात मोठा राग जखमेवर होता. पूर्वी औषधाची पेटी शोधत रक्ताळलेलं फिरावं लागे. आता भिंतीआड दोन श्वास घेतले की माणूस ठणठणीत.

पण स्टँडजवळ नवं सायबर कॅफे निघालं होतं, तिथे हेच गेम होते, आणि पोरं तिकडे सरकत होती. खोली चालवायची तर नवा गेम घेणं भाग होतं. दादानं एक गाजलेला गेम आणला आणि भर दुपारी सगळ्यांसमोर मला खुर्चीत बसवलं.

"हा बसंल," तो म्हणाला. "हा मेला तर गेम ठेवतो. हा पन मेला नाय, तर कोनच मरायचा नाय, आनि मग मी खुर्च्या काय पूजेला ठेवू?"

मी बसलो. गोळ्या लागल्या, पडदा लाल झाला, मी भिंतीआड गेलो, बरा झालो. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं. मला वाटलं, इतक्या वर्षांच्या मरणानं अखेर माझा हात बसला. दादा कानाशी कुजबुजला, "मर ना रे, बाबा." मी ते कौतुक समजलो. मागची पोरं ताटकळून एकेक करून बाहेर पडली. मग दादानंच हुकूम दिला, "बाहेर निघ. मैदानात उभा रा." उभा राहिलो. शेजारच्या सैनिकानं माझ्यावर चालून आलेले सगळे मारून टाकले. उन्हं कलायच्या आत गेम संपला. मी दोन्ही हात वर करून मागे वळलो. खोलीत दादा एकटाच होता.

पडद्यावर गेम बनवणाऱ्यांची नावं सरकत होती. मी उठू लागलो तर त्यानं खांदा दाबला. "वाच. मोठ्यानं." मी अडखळत परदेशी नावं वाचत राहिलो. ती संपता संपेनात. शेवटी त्यानंच बटण बंद केलं. "बघ, एवढी मानसं लागली तुला जिवंत ठेवायला."

महिनाभरात दोन्ही कॉम्प्युटर स्टँडजवळच्या कॅफेवाल्यानं नेले. दादा गावी परतला.

पुढे काही वर्षांनी म्हशाच्या जत्रेत तो दिसला. एका बैलाचा जबडा उघडून दात बघत होता. मी लाडात येऊन म्हणालो, "दादा, ओळखलंत का?" त्यानं जबडा न सोडताच बैलवाल्याला माझी ओळख करून दिली.

"यानं माझा धंदा बुडवला."

बैलवाला दचकला. "काय केलं यानं?"

"काय नाय केलं," दादा म्हणाला. "नुसता जिवंत राह्यला."

बैलवाल्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. दात मात्र बघायला मागितले नाहीत.