न फुटणारी काच

काच फुटली नव्हती, आणि माझी अडचण तीच होती.

भिवंडीच्या सरकारी कामगार वसाहतीत, तीन नंबरच्या इमारतीत, तळमजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत मी भिंतीकडे बघत उभी होते. भिंतीला वरून खालपर्यंत तिरपी भेग गेली होती. तिच्यावर काही महिन्यांपूर्वी मीच काचेची पट्टी बसवली होती. आमच्या धंद्यात तिला टेल-टेल म्हणतात. भेगेच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचा गोळा लावायचा आणि पट्टीची दोन टोकं त्यात रुतवायची. भिंत जरा जरी सरकली तरी काच तडकते. म्हणजे भिंतीची चहाडी करायला ठेवलेलं हे माणूस. माझी काच मात्र मूग गिळून बसली होती.

पण त्याच खोलीचं दार चौकटीत अडकत होतं. सुताराने रंधा मारून दिला, तरी पुन्हा अडकलं. भिंत जागची हलत नसेल तर चौकट तिरकी होते कशी?

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी सरकारी घरबांधणी खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होते. सरकारने गरिबांसाठी घरं बांधण्यातून हळूहळू अंग काढून घ्यायला सुरुवात केली होती. बांधलेली घरं मात्र उभी होती, माणसं त्यात राहत होती, आणि दुरुस्तीचा फंड दरसाल आटत चालला होता. म्हणून आमचे डेप्युटी इंजिनिअर भोईटे साहेब यांनी एक नियम केला होता. ज्या इमारतीची काच फुटेल तिचा विचार आधी. एक नंबरच्या इमारतीची काच फुटली तेव्हा तिचा विचार झाला. विचारांती ती खाली करण्यात आली. माणसं शहराबाहेर, वडप्याच्या पुढे पत्र्याच्या शेडमध्ये गेली, ती तिथेच राहिली.

कोपऱ्यातली खोली हमीदाआपांची. खाडीकाठच्या गावातून लग्न होऊन त्या भिवंडीत आल्या. नवरा लूमवर कामाला होता, तो गेला. आता भाडेपत्र आपांच्या नावावर होतं आणि त्या घरी बसून कांड्या भरायच्या. लूमच्या धोट्यात जी नळी बसते तिच्यावर सूत गुंडाळायचं, ते काम. मी गेले की चरखा न थांबवता त्या "बस बाय" म्हणायच्या.

मी काचेवरून बोट फिरवलं. मी लावलेली काच जाड होती, खिडकीची. ही पातळ होती. फोटोच्या फ्रेमची असावी.

"आपा, ही काच माझी नाही."

चरखा थांबला.

"तुजी फुटली," आपा म्हणाल्या. "मंग मी दुसरी लावली."

"एकदाच?"

"फुटली का लावते. सिमेंट नरसय्या देतो."

नरसय्या त्यांच्याच डोक्यावरच्या खोलीत राहायचा. तेलंगणातून आलेला विणकर, लूमवर केस पिकलेला. मी त्याला खाली बोलावलं. तो दारात येऊन उभा राहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, तार टूटा तो जोडने का. यही सीखा है."

लूमवर तार तुटली की पहिला हात तिकडे जातो. चटकन गाठ मारायची, नाहीतर कापडात दोष राहतो आणि मजुरी कापली जाते. मुकादमाला कळायच्या आत तार जोडलेली हवी. अख्ख्या वसाहतीच्या बोटांना हेच वळण होतं. त्यांनी माझी काचही तशीच जोडली होती, आणि काम इतकं सफाईदार की आमच्या कंत्राटदाराने शिकावं.

"पण का?" मी विचारलं.

"एक नंबरची फुटली, ती मानसा परत आली का?" आपा म्हणाल्या. "मना या खोलीबगर काय हाय?"

मला राग यायला हवा होता. तो आला नाही. माझ्या चार बोटांच्या काचेला ही बाई भिंतीपेक्षा जास्त घाबरत होती. पडू शकणाऱ्या भिंतीखाली ती रोज झोपत होती, आणि भीती होती ती माझ्या येण्याची.

मी खाली बसले आणि समजावून सांगितलं. काच बदलली की आमच्या लेखी इमारत ठणठणीत. मग दुरुस्ती कधीच नाही. आणि एक दिवस भिंत कोणालाही न विचारता खाली येईल. मी नवी काच बसवते, ती फुटली तर हात लावू नका.

"फुटली तर आमाला काढशील?"

"नाही काढू देणार."

हे बोलायचा मला काडीचाही अधिकार नव्हता.

भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारी. पुढे एका शुक्रवारी मी गेले तर नवी काच मधोमध तडकलेली. आपा तिच्याकडे पाठ करून कांड्या भरत होत्या, जाणूनबुजून. नरसय्या दारात बसला होता. "हाथ खुजलाता है मॅडम," तो म्हणाला. "उठता हूँ, फिर बैठता हूँ."

मी कळवलं तसे भोईटे साहेब आले. त्यांनी काच बघितली, दार लावून बघितलं. "खाली करा."

"सर, दुरुस्ती?"

"फंड कुठाय? खाली करायला फंड लागत नाही."

मी त्यांना बाहेर नेलं. कोपऱ्याला लागूनच गटार फुटलं होतं. पाणी पायाखालची माती खात होतं, म्हणून तो एकच कोपरा खचत होता. बाकी इमारत भक्कम होती. गटार दुरुस्तीचं बजेटमधलं हेड वेगळं असतं, आणि त्यात अजून धुगधुगी होती.

साहेब वाईट माणूस नव्हते. ते विचारात पडले. "गटार करा. पाया थोडा थोडा उघडून भरून घ्या. पण वरचं वजन? कोपऱ्याच्या खोलीत चार जाड खांब उभे करा आणि खोली बंद करा. भाडेपत्र रद्द. एक खोली गेली, इमारत वाचली."

हिशोब बरोबर होता. आपा आणि नरसय्या मागेच उभे होते.

"बाकीची र्‍हातील ना साहेब?" आपांनी विचारलं. "मंग घ्या माजी खोली."

साहेब गटाराकडे बघत राहिले. मीही तिकडेच बघितलं, कारण आपांकडे बघवेना.

मग मला सुचलं ते मी बोलून टाकलं. खांब नकोत. खचलेल्या भिंतीला आतून चिकटून नवी जाड भिंत उभारू, वजन ती घेईल. खोली अरुंद होईल, पण खोली राहील.

"मजुरी वाढेल," साहेब म्हणाले.

"शुक्रवार है ना साब," नरसय्या म्हणाला. "हम खोदेंगे."

"हे नियमात बसतं?"

"गटाराच्या कामात माती काढणं येतंच, सर," मी म्हणाले.

"फारच शिकलात तुम्ही," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. आमच्या खात्यात याला मंजुरी म्हणतात.

आपा चरख्यासकट नरसय्याच्या घरी राहायला गेल्या. आम्ही छताला टेकू दिले. शुक्रवार आला की लूमवरची माणसं फावडी घेऊन यायची, आणि मी ओरडत असायचे की एका वेळी हातभरच खणा. पाया भरला, भिंत उभी राहिली, दार लागायला लागलं.

खोलीत खाट आडवी मावेना, उभी लावावी लागली. आपा आत आल्या, नव्या भिंतीला टेकून बसल्या. मी म्हणाले, "आपा, फार अरुंद झाली हो."

"येकटीला रुंद खोली कशाला?" त्या म्हणाल्या. "पयली रातची लय मोठी वाटायची."

आपा शेवटपर्यंत त्याच खोलीत राहिल्या. इमारत अजून उभी आहे.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी पुष्कळ भिंतींवर काचा लावल्या. लावण्याआधी घरातल्या माणसाला सांगायचे, की ही फुटली तरी तुमचं घर जाणार नाही. ते सांगितलं की काचेला कोणी हात लावत नाही. मात्र एकदा बोललं की ते खरं करून दाखवावं लागतं, आणि त्यासाठी कुठल्याच हेडखाली तरतूद नसते.