दसऱ्याच्या पाटावर बॉम्बरचं मॅन्युअल

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी मी हसण्यावारी नेणारी बाई. पूजा करते तीही सवयीनं, घरात जरा फुलांचा वास येतो म्हणून. पण दोन हजार चार सालचा तो दसरा अजून हसण्यावारी नेता येत नाही...

आम्ही इंग्लंडात, साउथहॅम्प्टनला. हे डॉक्टर, हॉस्पिटलमधून नुकतेच रिटायर झालेले. शेजारचा पीटर जुना विमान-मेकॅनिक. मित्रांबरोबर एका शेडमध्ये दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन बॉम्बर दुरुस्त करत होता. त्या विमानाचं मूळ टेक्निकल मॅन्युअल त्याला कुठूनसं मिळालं, पण सगळं जर्मनमध्ये! हे पुण्यात हौसेनं जर्मन शिकलेले, त्यामुळे भाषांतर यांच्या गळ्यात. पीटरनं बजावलं होतं — जवळ चहाचा कप नको, आणि ओल लागून चिकटलेली पानं ओढायची नाहीत.

आणि मी काय केलं? दसऱ्याला सकाळी यांच्या टेबलावरची सगळी पुस्तकं उचलून पाटावर मांडली, प्रत्येकाला ओलं हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. ते राखाडी कव्हरचं जाडं पुस्तक मला मेडिकलचंच वाटलं!

हे आंघोळ करून आले नि बघतच राहिले. "अगं, बॉम्बरची पूजा केलीस? असल्याच विमानांनी हे गाव जाळलं होतं."

"पुस्तक ते पुस्तक," मी म्हटलं खरं, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं. पीटरनं किती विश्वासानं दिलेलं!

कुंकू आत झिरपलं का, म्हणून हे एकेक पान उलटू लागले. सगळी स्वच्छ. राहिली फक्त ती दोन चिकटलेली. ती यांनी बटरच्या सुरीनं हळूच सोडवली... आणि आत, चाकाच्या चित्रावर, कुंकवाचं बोट उमटलेलं. ओलं.

मी ते टिपायला कापूस आणायला वळले. हे मात्र चित्राखालची ओळ वाचत होते, आणि वाचता वाचता यांचा चेहरा पांढरा पडला. तेलाचा पाइप सोडण्याआधी चाकाच्या दांड्यात लॉकची पिन घाला, नाहीतर चाकं मिटून विमान खाली बसेल, असं लिहिलेलं. आणि नेमका तोच पाइप सोडायला पीटर त्या सकाळी गेला होता. आदल्या दिवशी कुंपणापाशी सांगत होता.

यांनी शेडमध्ये फोन लावला. पीटर कुरकुरतच फोनवर आला. पाइप अर्धा सुटलाय, नंतर बोलू, म्हणायला लागला. तेवढ्यात फोनमधून धाडकन असा आवाज आला, की तो मला पाटाजवळ ऐकू आला.

"डॉक्टर, विमान खाली बसलं," पीटर म्हणाला, "फोन वाजला तेव्हा मी त्याच्याखालीच आडवा होतो."

संध्याकाळी तो घरी आला. मी माफी मागतेय, तर त्याचं लक्षच नाही. भिंगातून त्या पानाच्या कडा बघत होता, तिथे सुरीखेरीज कशाचीच खूण नव्हती. "लव," तो सगळ्या बायकांना असंच म्हणतो, "सुरी लावण्याआधी हे पान तू कसं उघडलंस?"

मी नाही उघडलं म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

पीटर आज धडधाकट आहे, परवा नातीच्या लग्नात नाचला. पण ते बोट माझं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. मग कोणाचं... ते मात्र आम्हा तिघांपैकी कोणालाच आजवर सांगता आलेलं नाही.