हेमंतचं ‘टेस्ट-वन’

सिस्टीम अपग्रेड करून तीन दिवस झाले होते. एकही तक्रार नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी हेमंतचे बाबा आमच्या बोईसरच्या ऑफिसात आले आणि म्हणाले, "बाय, पोराचा मेसेज येत नाय."

हेमंतला जाऊन आठ महिने झाले होते. काविळीचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं आटोपलं. तो माझ्या शेजारी बसायचा. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना मोबाइलवर वाऱ्याचा इशारा पाठवणारी आमची सिस्टीम त्यानेच उभी केली होती.

ती सर्व्हरलेस आहे. म्हणजे आमचं स्वतःचं मशीन नाही. क्लाउड कंपनीच्या मशीनवर आमचा कोड झोपलेला असतो. ठरल्या वेळी उठतो, काम करतो, पुन्हा झोपतो. कोणाला कधी उठवायचं, ती यादी फ्रेमवर्क नावाचं तयार सॉफ्टवेअर सांभाळतं. त्याचं नवं मोठं व्हर्जन आलं आणि जुन्याचा सपोर्ट संपला. हेमंतने वरून जोडलेलं एक प्लगइन नव्यात चालेना. दोन आठवडे मी एकेक फंक्शन, म्हणजे कोडचा एकेक तुकडा, बदलत बसले. शेवटी ‘टेस्ट-वन’ उरलं.

"सर, याचं काय करू?" मी आमच्या मॅनेजरना विचारलं.

"टेस्ट आहे ना? उडव."

उडवलं. उघडूनही पाहिलं नाही.

बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून मोबाइल काढला. रोज पहाटे पाचचा एक मेसेज. ‘बाबा, आज वारा १२. प्रेशरची गोळी घ्या.’ ‘बाबा, आज वारा १९. प्रेशरची गोळी घ्या.’ वाऱ्याचा आकडा तेवढा बदलत होता. मी बोटाने वर सरकवत गेले. संपेनातच.

"मशीन पाठवते, ठाव हाय मला," ते म्हणाले. "पन त्याने लावलेली. मेसेज वाचायचा, मंग गोळी घ्यायची. ह्या दिसांत घेतलीच नाय."

गोळ्या त्यांच्या खिशातच होत्या. आधी त्यातली एक घ्यायला लावली. मग जुना कोड शोधला, नव्या व्हर्जनमध्ये बसवला आणि चालवून पाहिला. सर माझ्या मागे येऊन उभे होते. बाबांच्या हातातला मोबाइल वाजला.

त्यांनी वाचलं. "हा तू पाठवलास ना?"

"शब्द हेमंतचेच आहेत, बाबा."

त्यांनी मोबाइल माझ्या टेबलावर ठेवला.

"नको, बाय. आता वाचला का तूच दिसशील मला. काढ तो. गोळी मी घेन आठवनीने."

मी खूप समजावलं. "उद्यापासून आपोआप येईल, मी हातसुद्धा लावणार नाही," म्हटलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्यासमोरच मला ते दुसऱ्यांदा काढावं लागलं. मग मोबाइल पिशवीत गुंडाळून ते रिक्षा स्टँडकडे निघून गेले.

हल्ली कुठलंही फंक्शन काढण्याआधी मी ते उघडून वाचते. ‘टेस्ट-वन’ अकरा ओळींचं होतं. वाचायला मिनिटही लागलं नसतं.