परतीच्या नळीवरचा कॉक

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दोनदा तोंड उघडलं होतं — एकदा तिने चहा पुढे केला, एकदा मीच विषय बदलला. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी नाशिकला बर्नर बसवतो. अंबड, सातपूर, सिन्नर — बेकऱ्या, लॉन्ड्र्या, चिवड्याचे कारखाने. आजही नवा बर्नर पहिल्यांदा पेटवताना मी दाराशी उभा राहतो. गिऱ्हाईक म्हणतं, साहेब फार काळजी घेतात. काळजी कसली — पळता यावं म्हणून उभा असतो.

नळ्यांचं आधी सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्या बर्नरला दोन नळ्या जातात. एक टाकीतून डिझेल आणते, तिच्यावर तेल सुरू-बंद करायचा कॉक असतो. दुसरी उरलेलं परत टाकीत नेते. या परतीच्या नळीवर कॉक बसवायचा नसतो. तो बंद राहिला तर तेलाला जायला वाट उरत नाही, बर्नरच्या पंपाचं सील फाटतं आणि तेल आगीवर उडतं. हे मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण त्या चिवड्याच्या कारखान्यात टाकी उंचावर होती. पंप साफ करायला उघडला की परतीच्या नळीतलं डिझेल माझ्या बाहीवर यायचं, दिवसभर वास जायचा नाही. म्हणून बसवला. शर्टाच्या बाहीसाठी — दुसरं काही कारण नव्हतं.

तिथे कढईवर काशिनाथ होता, सुरगाण्याकडचा. पोह्यांचा रंग बघून आच कमी-जास्त करणारा माणूस. मीच त्याला सांगून ठेवलं होतं, घरी जाताना कॉक बंद करत जा. कोणता, ते सांगितलं नाही. दोन्हींच्या दांड्या लाल, सारख्याच. तो बिचारा रोज दोन्ही बंद करत असणार, सकाळी दोन्ही उघडत असणार. एका सकाळी त्याने एकच उघडला.

मी पोचलो तेव्हा आग विझली होती. जमिनीवर वाळू, सगळीकडे डिझेलचा वास. काशिनाथला दवाखान्यात नेलं होतं, उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. मालक बाहेर फोनवर होते. मी टाकीजवळ जाऊन पाहिलं. परतीचा कॉक बंद. आणि मी — काय केलं असेल मी? — कुणी यायच्या आत तो काढला, खिशात टाकला, तिथे साधा जोड बसवला. काम चोख झालं. याचीच मला अजून भीती वाटते.

मालकांना म्हणालो, काशिनाथने कॉक न उघडताच बर्नर सुरू केला, पंप कोरडा फिरून सील गेलं, मग घाईने उघडला तसं तेल बाहेर उडालं. त्यांनी मान डोलावली. मी जाणकार ना!

पंधरवड्याने काशिनाथ पट्टी बांधलेला हात घेऊन आला. नळ्यांकडे बराच वेळ बघत राहिला.

"साहेब, इथं दुसरा कॉक व्हता ना?"

मालक शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "नाही रे. एकच होता."

तो पुन्हा नळीकडे बघू लागला. मग हळूच म्हणाला, "मंग माझंच ध्यान नाय राह्यलं."

त्याला कामावरून काढलं. तो गावी गेला.

पेठ रोडला सुरगाण्याच्या जीपा भरत असतात. तिथून जाताना मी हेल्मेटची काच खाली ओढतो. तो भेटेल याची भीती वाटते — आणि भेटून पुन्हा तेच म्हणेल, याची त्याहून जास्त. घरी काय सांगत असेल तो? आपल्याच चुकीने हात भाजला, असं?

तो कॉक माझ्या हत्यारांच्या पेटीत तळाशी आहे. टाकून द्यायला हात धजत नाही. पेटी उघडताना मी तिकडे बघत नाही.

काशिनाथ, तिथे दुसरा कॉक होता. तुला आठवत होतं ते बरोबर होतं. तो मी बसवला होता, आणि मीच काढला.