थांब, मी गातेय

"श्वास सोड, बेल्ला. पोट आत ओढलंस की माप खोटं येतं."

माझ्या कमरेभोवती टेप, तिच्या ओठांत टाचण्या, आणि त्या टाचण्यांच्या फटीतून येणारं हे वाक्य. जर्मनीत, डार्मश्टाटमध्ये, आमच्या ट्रामच्या थांब्याजवळ तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. इथल्या कितीतरी मराठी बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे आहेत. मूळची इटलीची, समुद्रकाठच्या गावातली, नवरा जर्मन. मला बेल्ला म्हणायची, म्हणजे सुंदरी. तिचं जर्मन इटालियन चालीचं, माझं पुणेरी. त्यामुळे आमचं छान जमायचं. दोघींनाही एकमेकींच्या चुका कळत नसत.

मी तेव्हा कशी होते तेही सांगायला हवं. नवं लग्न, नवा देश, आणि अक्कल सामानात भरायची राहून गेलेली. त्या दिवसांत टीव्हीवर एक इटालियन नाचाचं गाणं सारखं लागायचं. उंच, कुरळ्या केसांची मुलगी, निळं चकाकतं जाकीट, आणि आवाज असा की मांडणीवरची भांडी थरथरावीत. मी तिच्यावर फिदा. तिच्यासारखे केस करून आले. डोक्यावर शेवयांचं पातेलं उपडं केल्यासारखं दिसत होतं. आमच्या ह्यांनी दार उघडलं आणि अदबीनं विचारलं, "कोण पाहिजे आपल्याला?"

एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली! मासिकातला फोटो घेऊन हिच्या दुकानात गेले. "मला अस्संच जाकीट हवं."

तिने फोटो उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "आवडते तुला ही?"

"काय गाते गं!"

"हं," म्हणाली आणि तोंडात टाचण्या भरल्या.

जाकीट अंगावर घालून बघायला गेले त्या दिवसाची गोष्ट. दुकानात रेडिओ चालू असायचा, नुसत्या बातम्यांचा. गाणी लागली की ती उठून बंद करायची. त्या दिवशी माझी बाही तिच्या दोन्ही हातांत होती आणि बातम्यांनंतर तेच गाणं सुरू झालं. तिला उठता येईना. समोरच्या आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. ओठ टाचण्यांवर घट्ट मिटलेले, पण गळा हलत होता. रेडिओतली बाई जिथे श्वास घेई तिथे ही घेई. तेवढाच, तसाच, किंचित दचकल्यासारखा. मी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"ही तू आहेस?"

तिने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. "एका दुपारी गायले. स्टुडिओवाले म्हणाले, नमुना म्हणून गा. खरी गायिका येईल, ऐकेल, मग ती गाईल. खरी आलीच नाही. मी लग्न करून इथे आले, आणि एकदा बेकरीत पाव घेताना मीच मला ऐकू आले."

मी यावर काय बोलले असेन? "त्यात काय एवढं! आमच्याकडे सिनेमात असंच असतं. पडद्यावर ओठ एकीचे, गळा दुसरीचा. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं." शहाणपणाचा कळस! डोक्यावर शेवया, अंगात निळं जाकीट, आणि ही माझी मुक्ताफळं.

ती म्हणाली, "आणि नाव कोणाचं?"

"गाण्यावर? गाणारीचं."

"छापतात?"

"छापतात, रेडिओवर सांगतात, पुरस्कार देतात."

ती मशीनच्या स्टुलावर बसली. "परत सांग."

पुढे वर्षानुवर्षं हेच. मी दुकानात शिरले की समोरच्या गिऱ्हाइकाला थांबवून म्हणायची, "बेल्ला, सांग हिला, तुमच्याकडे नाव कोणाचं?" पँटची चेन बदलायला आलेली एखादी जर्मन आजी माझ्याकडे पाहत राही, आणि मी पोपटासारखी सांगत असे. गाणारीचं हो, गाणारीचं.

तिने आपलं नाव मागूनही पाहिलं. गाणं बनवणारे म्हणाले, त्यात बऱ्याच जणींचे आवाज मिसळलेत, आता कोण कुठली आठवणार! मग एका इंग्रज बाईने मुलाखतीत सांगितलं, आवाज माझा. टीव्हीवरची मुलगी तर म्हणतच होती, माझा. एका आवाजाला दोन मालकिणी, आणि तिसरी ही, डार्मश्टाटमध्ये पडद्यांच्या कडा दुमडत बसलेली. तिचं म्हणणं एकच, "तिघींना शेजारी उभं करा आणि गायला लावा. पहिल्या ओळीतच कळेल."

कुणी उभं केलं नाही. मग तिच्या गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. श्वास मानेतल्या छिद्रातून, त्यावर तिनेच शिवलेला रेशमी रुमाल. बोलायचं असलं की दाढीच्या मशीनएवढं यंत्र गळ्याला लावायची. त्यातून सपाट, घरघरते शब्द येत. "आता मी मिक्सर," असं तीच म्हणायची.

आणि नेमकी तेव्हाच जुनी गाणी पुन्हा फॅशनमध्ये आली. माझ्या नातीच्या नाचाच्या वर्गात तो आवाज, पोहण्याच्या तलावावर तो आवाज. एकदा आम्ही दोघी सुपरमार्केटमध्ये काकड्या निवडत होतो आणि छतातल्या स्पीकरमधून ती सुरू झाली. तरुण, मस्तीत आलेली, दांडगी. खाली ती स्वतः मुकी उभी, हातात काकडी.

"चल गं, रांग वाढतेय," मी म्हणाले.

तिने यंत्र गळ्याला लावलं. "थांब. मी गातेय."

लोक आमच्याभोवतीनं ट्रॉल्या वळवून जात राहिले. भर दुपारी, लख्ख दिव्यांखाली मला इतकी भीती वाटेल असं वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी रेडिओवरची एक तरुण मुलगी आली. जुन्या गाण्यांमागचे खरे आवाज शोधत होती. नवऱ्याने केक आणला. मला साक्षीदार म्हणून बोलावणं आलं, तर मी ठेवणीतली साडी नेसून गेले, जणू सत्कार माझाच! मुलीने मायक्रोफोन मांडला आणि मग तिला ते यंत्र दिसलं. कुणी तिला सांगितलंच नव्हतं.

"मला आवाज जुळवून पाहायचा होता," ती हळूच म्हणाली.

हिने खूण केली, लाव गाणं. मुलीने फोनवर लावलं. हिने यंत्र खाली ठेवलं, उभी राहिली, आणि अख्खं गाणं नुसत्या ओठांनी म्हटलं. प्रत्येक अक्षर, प्रत्येक हेलकावा, वरच्या सुराला मागे जाणारी मान. आवाज टेबलावरच्या फोनमधून येतोय हे मला पटेना.

मुलीचे डोळे भरले. पण पोरगी प्रामाणिक होती. "फार सुंदर," ती म्हणाली. "पण ओठ तर... टीव्हीवरच्या बाईंचेही असेच जुळायचे."

हिचे खांदे गदगदायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती! हसण्याला आवाज नाही, नुसता गळ्यावरचा रुमाल फडफडत होता. यंत्र उचलून म्हणाली, "गेनाऊ." अगदी बरोबर.

कार्यक्रम झाला. त्यात ती नव्हती.

या हिवाळ्यात ती गेली. अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या गृहस्थाने विचारलं, संगीत कोणतं? नवऱ्याने गाणं सांगितलं. गृहस्थाने ते फोनवर शोधलं आणि पत्रिकेत छापायला म्हणून टीव्हीवरच्या मुलीचं नाव लिहून घेऊ लागला.

"नाही," नवरा म्हणाला आणि बायकोचं नाव सांगितलं.

"हे तर गेलेल्या बाईंचं नाव."

"हो. गायलंय कोणी, तेच लिहायचं ना?"

छापलं. तेवढ्या एका कागदापुरतं. मी इथे लिहीत नाहीये, कारण वाद अजून मिटलेला नाही आणि त्या म्हाताऱ्याला या वयात वकील नकोत. म्हणजे बघा, तिचं नाव गाळणाऱ्यांत आता मीही आहे.

दफनभूमीतल्या छोट्या सभागृहात गाणं लागलं. इतक्या वर्षांत मी ते शेवटपर्यंत कधी नीट ऐकलंच नव्हतं. ते संपतच नाही. स्टुडिओत कुणीतरी बटण हळूहळू खाली ओढलंय, एवढंच. ती गातेच आहे, नुसती लांब लांब जातेय. आम्ही सगळे पुढे झुकलो. अजून येतंय. अजून, अगदी बारीक. नवऱ्याने कानाशी हात नेला. पाद्री उठता उठता तसेच राहिले.

आवाज नक्की कधी गेला हे कुणालाच सांगता येईना, म्हणून कुणीच आधी उठलं नाही.