लॅब दाखवा, मगच बोलते

गेल्या मंगळवारी दुपारी सोलापुरातल्या घरी ताक पीत बसले होते आणि फोन वाजला. नंबर परदेशातला. कापला, पुन्हा वाजला, पुन्हा कापला, शेवटी ब्लॉकच करून टाकला... आपण काय दूधखुळे आहोत का?

माझा स्वभाव मुळात संशयी, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यात आमच्या सोसायटीतल्या एका काकांना पोलीस असल्याचं सांगून कुणीतरी दिवसभर व्हिडिओ कॉलवर कोंडून ठेवलं होतं. तेव्हापासून अनोळखी नंबरला मी थारा देत नाही.

संध्याकाळी प्रज्ञाचा फोन. मी कॉलेजात शिकवत होते तेव्हाची ही माझी एमएस्सीची विद्यार्थिनी, आता पुण्यात पीएचडी झालेली. आवाज रडवेला. जर्मनीतल्या एका लॅबमध्ये पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या नोकरीसाठी, तिची निवड होत आली होती, रेफरन्स म्हणून माझं नाव दिलं होतं, आणि तिथले प्रोफेसर मला फोन करून थकले होते... मला वाटलेलं, रेफरन्स म्हणजे पत्र मागतील. थेट फोन करतात हे कुणाला ठाऊक!

विषय स्पेशियल बायोलॉजी. म्हणजे कॅन्सरच्या गाठीतल्या पेशी नुसत्या मोजायच्या नाहीत, कुठली पेशी कुणाला खेटून बसलीय याचा नकाशा काढायचा आणि त्या डेटावरून आजाराचा माग घ्यायचा. पोरगी त्यासाठी कोडिंगसुद्धा शिकली.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल ठरला. खरं सांगते, तरीही माझी खात्री पटेना. हल्ली चेहरा काय, आवाज काय, सगळं बनवता येतं... प्रज्ञालाच कुणी गंडवत असेल तर? समोर एक दाढीवाले गृहस्थ आले. मी सांगून टाकलं, आधी लॅब दाखवा, मगच बोलते.

ते लॅपटॉप उचलून निघाले... मायक्रोस्कोप, फ्रीजर, स्क्रीनवर रंगीत ठिपक्यांचा नकाशा. तिथल्या दोन मुलींनाही मी गाठलं. पगार वेळेवर होतो का, राहायचं कुठे, सगळं विचारून घेतलं. त्यानंतर मी प्रज्ञाबद्दल भरभरून बोलले, पण फोन ठेवल्यावर वाटलं, घालवली बहुतेक पोरीची नोकरी!

शुक्रवारी तिकडून होकार आला. मी देवापुढे साखर ठेवली.

रविवारी प्रज्ञाचे वडील दारात. चिंचोळी एमआयडीसीत मशीनवर असतात. जय भीम म्हणून बसले, पण चहाला हात लावेनात. त्यांच्या कंपनीतल्या एकाच्या मुलाला नोकरीच्या नावाखाली परदेशात नेऊन अडकवलं होतं म्हणे. म्हणून त्यांनी लेकीला बजावलं होतं, जायचं न्हाय. ती दोन दिवस जेवली नव्हती.

"मॅडम, तुमी सोता बघितलंय का त्या माणसाला?"

"माणूस बघितला, लॅब बघितली, तिथल्या मुलींशीही बोलले," मी म्हटलं.

ते कप उचलत म्हणाले, "मग जाऊ दे की तिला."

संशयखोर म्हणून आयुष्यभर घरच्यांची बोलणी खात आलेय. त्या बापानं माझ्या त्याच संशयाच्या भरवशावर लेक सातासमुद्रापार पाठवायचं ठरवलं... ते गेल्यावर दार लावलं आणि मला रडूच आलं.